ओळखीचं नाव

४ मे २००० ची गोष्ट. जगभरच्या कचेऱ्यांत 'आय लव्ह यू' विषयाची ई-मेल येऊन थडकली. सोबतची फाइल दिसायला साधं पत्र, प्रत्यक्षात प्रोग्रॅम! विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट दाखवत नसे, म्हणून फसगत. उघडली की ती फोटोंच्या फायली निकामी करायची आणि आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडायची. ब्रिटिश संसदेनेही ई-मेल बंद ठेवली.

कर्ता मनिलातला तरुण, ओनेल दे गुझमान. फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. २०२० मध्ये त्याची कबुली छापून आली.

मला राहून राहून वाटतं, लोक फसले ते पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं होतं म्हणूनच. तेव्हा माझ्या नावानं काही विचित्र आलं, तर आधी फोन करा. मला राग येणार नाही.