समुद्रगोगलगाईंतील बिऱ्हाडकरू

ओहोटीच्या वेळीं चिखलवट किनाऱ्यावर शेंकडों गोगलगाई सरपटतांना दिसतात. त्यांपैकीं निरोगी कोणती आणि रोगग्रस्त कोणती, हें वरून पाहून सहसा ओळखतां येत नाहीं. एखादीच्या कवचांत मात्र पर्णकृमि, म्हणजे पानासारखा चपटा परोपजीवी कृमि, बिऱ्हाड करून बसलेला असतो. तो तिची जननग्रंथि निकामी करतो, तिचें अन्न आपल्या संततीच्या वाढीस लावतो, आणि तरीही तिला जगूं देतो. घर मोडलें तर भाडेकऱ्याचेंच नुकसान! असा हा गुप्त बिऱ्हाडकरू ओळखावयाचा कसा?

या प्रश्नाचा इतिहास सुमारें अडीचशें वर्षांचा आहे. डेन्मार्कमधील निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर यानें १७७३ सालीं पाण्यांत वळवळणाऱ्या, शेपटी असलेल्या सूक्ष्म जीवांस 'सर्केरिया' हें नांव दिलें. ते स्वतंत्र प्राणी होत, अशी त्या काळची समजूत होती. पुढें १८४२ सालीं त्याचाच देशबंधु स्टेनस्ट्रुप यानें पिढ्यांच्या आलटापालटीचा सिद्धान्त मांडला. एकाच प्राण्याच्या लागोपाठच्या पिढ्या रूपानें अगदीं भिन्न असूं शकतात, हें त्यावरून स्पष्ट झालें. गोगलगाईंतून बाहेर पडणारी सर्केरिया ही पर्णकृमीच्या जीवनक्रमांतील केवळ एक अवस्था ठरली.

तपासणीच्या जुन्या पद्धती दोन. पहिलींत प्रत्येक गोगलगाय समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या निराळ्या कांचपात्रांत ठेवून उजेडांत सोडतात आणि पाण्यांत अळ्या उतरतात काय, याची वाट पाहतात. हींत गोगलगाय जगते; परंतु कृमीची वाढ अपुरी असल्यास अळ्या दिसत नाहींत आणि रोगी गोगलगाय निरोगी म्हणून गणली जाते. दुसरींत कवच फोडून पाचक ग्रंथि सूक्ष्मदर्शकाखालीं उकलून पाहतात. हींत कोंवळी लागणही बहुधा सांपडते, पण गोगलगाईचा प्राण जातो.

अशा परीक्षणाचें फळ कधीं कधीं फार उशिरां पदरांत पडतें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या 'नॅसा ऑब्सोलीटा' या चिखलांतील गोगलगाईंविषयीं मिलर व नॉर्थप या संशोधकांनीं १९२६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दुभंगलेल्या शेपटीच्या एका अळीचें वर्णन करून तिला 'सर्केरिया व्हॅरिग्लँडिस' असें नांव दिलें. मूल सांपडलें, आईबापांचा मात्र पत्ता नव्हता!

दोनच वर्षांनीं, १९२८ सालीं, कॉर्ट या शास्त्रज्ञानें मिशिगनच्या गोड्या पाण्यांतील एक गूढ उकललें. तेथील सरोवरांत पोहणारांच्या अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या पुरळाचें मूळ गोगलगाईंतून निघणाऱ्या अशाच दुभंग शेपटीच्या अळ्यांत आहे, असें त्यानें दाखविलें. मग समुद्रस्नान करणारांस व चिखलांतील शिंपल्या उकरणारांस होणाऱ्या खाजेचें काय? तें उत्तर १९५२ सालीं स्टंकर्ड व हिंचलिफ यांच्या सविस्तर निबंधांत मिळालें. मिलर-नॉर्थप यांची ती अनाथ अळी समुद्रपक्ष्यांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या पर्णकृमीची होती. पक्ष्यांच्या विष्ठेंतून कृमीचीं अंडीं पाण्यांत पडतात, त्यांतून निघालेला जीव गोगलगाईंत शिरतो, आणि गोगलगाईंतून सुटलेल्या अळ्या पुन्हां पक्षी शोधूं लागतात. वाट चुकून एखादी माणसाच्या कातडींत घुसली, तर ती तेथेंच मरते आणि मागें खाज ठेवून जाते. दोन वर्षांनीं, १९५४ सालीं, हवाई बेटांतील खडकांवरच्या गोगलगाईंतही हाच कृमि आढळल्याचें वृत्त चू व कट्रेस यांनीं दिलें.

मूळ वर्णनापासून उलगड्यापर्यंत सव्वीस वर्षें गेलीं. मधल्या काळांत अळी कागदोपत्रीं होती, खाजही किनाऱ्यावर होती. दोहोंचें नातें तेवढें जुळावयाचें होतें. आज कृमीच्या आनुवंशिक द्रव्याचा अल्पसा अंशही प्रयोगशाळेंत हुडकतां येतो, व अळ्या सुटण्यापूर्वींच लागण उघडकीस येऊं शकते. तथापि सांपडलेला अंश कोणाचा, हें ठरविण्यास आधीं त्या कृमीची ओळख पटलेली असावी लागते; आणि ती ओळख कांचपात्राशेजारीं तासन् तास बसून अळ्या निरखणाऱ्या संशोधकांनींच मिळवून ठेविली आहे.