रिकाम्या घरावरची सोंगटी

खेळ म्हणजे अभ्यासाचा वैरी, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही लवकर जात नाहीं. परंतु वर्गीकरणासारखा रुक्ष विषय मुलांस शिकविण्यासाठीं जे खेळ रचले गेले, त्यांचा इतिहास पाहतां ही समजूत टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

'ॲलिस'च्या अद्भुत कथांचा कर्ता लुईस कॅरल म्हणजे ऑक्सफर्ड येथील गणितज्ञ चार्ल्स डॉजसन होय. त्यानें १८८७ सालीं तर्कशास्त्राचा एक खेळ प्रसिद्ध केला. एक पट, चार तांबड्या व पांच करड्या सोंगट्या, एवढेंच त्याचें साहित्य. दृष्टांत केकांचा: पटाच्या वरच्या दोन घरांत ताजे, खालच्या दोहोंत शिळे, डावीकडे चवदार, उजवीकडे बेचव. तांबडी सोंगटी म्हणजे 'येथें कांहीं आहे'. करडी म्हणजे 'येथें कांहीं नाहीं'. 'सर्व ताजे केक चवदार असतात' हें विधान मांडावयाचें, तर वरच्या डाव्या घरांत तांबडी व उजव्या घरांत करडी ठेवावयाची.

यांतील मर्म करड्या सोंगटींत आहे. ज्या घरांत सोंगटीच नाहीं, त्याविषयीं आपणांस ठाऊक नाहीं. करडी असेल, तर तें रिकामें असल्याचें ठाऊक आहे. अज्ञान आणि अभाव यांतील हा भेद मुलाच्या बोटांस कळतो. जॉन व्हेन यानें १८८० सालीं वर्तुळें काढून रिकामा भाग रेघांनीं भरला होता. पण रेघ खोडावी लागते, सोंगटी उचलतां येते.

पुढें १९१६ सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेले गणितज्ञ झोल्तान डीनेस यांच्या नांवाचे ठोकळे शाळांतून आले. चार आकार, तीन रंग, दोन मापें व दोन जाड्या मिळून ४८ ठोकळे. कोणतेही दोन सर्वस्वीं सारखे नाहींत. कॅरलच्या पटावर घरें आयतीं होतीं. येथें तीं मुलानेंच पाडावयाचीं. एक ठोकळा लपवून कोणता गेला हें विचारलें, म्हणजे ज्यानें ठोकळे नीट लाविले आहेत त्यास तें रिकामें घर तत्काळ दिसतें. नांवें घोकून हें साधत नाहीं.

हें शिक्षण गणितापुरतें नाहीं. 'अमक्या जातींत प्रामाणिक माणूस नाहीं' असें बोलणारा, न पाहिलेल्या घरावर करडी सोंगटी ठेवीत असतो. ती ठेवण्यापूर्वीं घर उघडून पाहण्याची संवय खेळतांखेळतां लागत असेल, तर तो वेळ वायां गेला असें कोणीं म्हणूं नये.