‘सावकारी पाश’ : गुन्हा कागदावरचा

गुन्हेपट म्हटलं की आपल्याला पडद्यावर निदान एखादं पिस्तूल तरी लागतं. बाबूराव पेंटरांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये हत्यार आहे ते कागदाचं. सावकार खोटा दस्तऐवज पुढे करतो, शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. कथा नारायण हरी आपट्यांची, आणि तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

हे समजून घ्यायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आसपासच्या गावांचे शेतकरी जमले. दुकानं लुटली गेली, हे खरंच. पण त्यांची मुख्य मागणी होती वह्या आणि कर्जखतं द्या, ही. मिळाली ती त्यांनी जाळली. सावकारांच्या अंगाला हात लावल्याचे प्रकार त्या मानाने थोडे. याला ‘दंगा’ म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. आपल्याला बांधलंय ते कशानं, हे त्या लोकांना नेमकं कळलं होतं.

आता गंमत पाहा. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की, व्याज साचत राहू नये. झालं उलटंच! दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात जायचं. अंगठा शेतकऱ्याचा, वाचणारा सावकार. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं, कापसाचा भाव उतरला, मग नवं कर्जही मिळेना.

दंग्यानंतर १८७९चा कायदा आला. शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर व्हावं, न्यायालयानं खतामागचा मूळ व्यवहार तपासावा, अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. तरीही ४६ वर्षांनी पेंटरांना खोट्या कागदाचीच गोष्ट सांगावीशी वाटली, आणि १९३६ला बोलपट म्हणून पुन्हा एकदा.

मला मात्र जास्त ओढ त्या पहिल्या, मूकपटाची. मूकपटाच्या पाट्या अनेक प्रेक्षकांना वाचता येत नसत. शेजारचा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. म्हणजे पडद्यावर अंगठा देणारा शेतकरी, आणि खाली अंधारात त्याच्यासारखाच, लिहिलेलं दुसऱ्याकडून ऐकून घेणारा माणूस.