कांगोचा हिशेब

शाळेंत भूगोल शिकवीत असतां आफ्रिकेच्या नकाशावर कांगो नदीपाशीं आलों, कीं मी मुलांकडून त्या प्रदेशाच्या उत्पन्नाची यादी म्हणवून घेत असें: रबर, हस्तिदंत, तांबें. मुलें ती तालावर म्हणत आणि मी पुढच्या नदीकडे वळत असें. त्या यादींतील पहिल्या शब्दाच्या पोटांत काय दडलें आहे, हें मला स्वतःला फार उशिरां, निवृत्तीनंतर वाचनास फुरसत मिळाली तेव्हां कळलें. तीच हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

१८८४-८५ च्या हिवाळ्यांत बर्लिन येथें पाश्चात्य सत्तांची परिषद भरली, आणि तिच्या पाठोपाठ बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड हा कांगोच्या खोऱ्याचा धनी झाला. धनी हा शब्द मी जाणूनच योजतों. तो मुलूख बेल्जम देशाच्या पंचाहत्तर पटींहून मोठा. पण मालकी देशाची नव्हे, एकट्या राजाची. आणि नांव काय, तर 'कांगोचें स्वतंत्र राज्य'! राजानें तेथें जन्मांत पाऊल टाकलें नाहीं. गुलामांच्या व्यापाराचा बीमोड करून तेथील लोकांचें कल्याण साधावयाचें, असा त्याचा बाणा होता, व पुष्कळांनीं तो खरा मानला.

१८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली रबरी धांव सायकलीसाठीं काढली आणि रबराची मागणी भराभर वाढली. कांगोच्या अरण्यांत रबराच्या रानवेली विपुल होत्या. 'पडीक' जमीन सरकारची असें फर्मान निघालें, म्हणजे वेलीही सरकारच्या झाल्या. प्रत्येक गांवानें ठराविक वजनाचें रबर आणून द्यावें; तोंपर्यंत बायकामुलें ओलीस. जें गांव नकार देई त्यावर शिपाई धाडीत. शिपायांनीं काडतुसें शिकारींत उधळूं नयेत म्हणून प्रत्येक गोळीमागें मारलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखविण्याची प्रथा पडली. आणि हिशेब जुळेना तेव्हां जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. १८९९ मध्यें विल्यम शेपर्ड नांवाच्या अमेरिकन कृष्णवर्णीय मिशनऱ्यानें एका छावणींत धुरावर सुकत ठेवलेले ८१ हात स्वतः मोजले.

मिशनऱ्यांचीं गाऱ्हाणीं युरोपांत पोंचत होतीं. पण राजाची वाणी त्यांहून गोड होती. तिला खरा धक्का दिला तो एका कारकुनानें. कारकुनी पेशाला नाक मुरडण्याची आपल्याकडे चाल आहे, म्हणून हें मुद्दाम सांगतों. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एल्डर डेम्प्स्टर या जहाजकंपनींत नोकर होता. कांगोची वाहतूक या कंपनीकडे असल्यामुळें त्याला वरचेवर अँटवर्पच्या गोदींत जावें लागे. तेथें त्याच्या ध्यानांत आलें, कीं येणारीं जहाजें रबर व हस्तिदंत यांनीं भरलेलीं असतात. जाणाऱ्या जहाजांत मात्र अधिकारी, बंदुका आणि काडतुसें. कापड नाहीं, भांडीं नाहींत. एवढा माल येतो, आणि त्याचा मोबदला म्हणून कांहींच जात नाहीं! मग रबर गोळा करणाऱ्यास मिळतें काय? वह्यांनींच उत्तर दिलें होतें: कांहीं नाहीं. कांगो न पाहतां त्यानें ताडलें, कीं हा व्यापार नसून वेठ आहे. १९०१ सालीं त्यानें नोकरी सोडली व लेखणी हातीं घेतली.

मे १९०३ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें कांगोसंबंधीं ठराव केला. त्याच वर्षीं ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट हा मिशनऱ्यांची आगबोट भाड्यानें घेऊन नदीच्या वरच्या भागांत हिंडला. त्याचा अहवाल १९०४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. मार्चमध्यें लिव्हरपूल येथें कांगो सुधारणा मंडळ स्थापन झालें. बारिंगा येथील मिशनरी अॅलिस हॅरिस हिनें घेतलेलें एक छायाचित्र मंडळानें मॅजिक लँटर्नच्या पडद्यावर गांवोगांव दाखविलें: ओट्यावर न्साला नांवाचा बाप बसला आहे, आणि पुढें त्याच्या पांच वर्षांच्या मुलीचा तोडलेला एक हात व एक पाय. तें चित्र मीं पाहिलें आहे; त्यावर अधिक बोलवत नाहीं.

ओरड वाढल्यावर खुद्द लिओपोल्डनेंच तिघा न्यायाधीशांचें चौकशीमंडळ नेमलें. त्यापुढें बोलिमा येथील प्रमुख लोंतुलू साक्षीस आला. त्याला फटके बसले होते, ओलीस ठेवलें होतें, सांखळदंडांत राबविलें होतें. त्यानें मेजावर ११० काटक्या मांडल्या. रबरापायीं मारल्या गेलेल्या आपल्या माणसांपैकीं एकेकाची एकेक काटकी. त्यांचे चार ढीग केले: सरदार, पुरुष, स्त्रिया, मुलें. मग एकेक काटकी घेऊन त्या त्या मृताचें नांव सांगितलें. मोरेलच्या वह्यांत काडतुसें होतीं, पण हीं नांवें नव्हतीं. चळवळीच्या इतिहासांत मोरेल व केसमेंट यांची थोरवी गातांना या साक्षीदाराचा विसर पडतो, हें मला उचित वाटत नाहीं. १९०५ सालीं चौकशीमंडळानें अत्याचार खरे ठरविले, परंतु साक्षी अहवालासोबत छापल्या नाहींत. त्या कित्येक दशकें दप्तरांत बंद राहिल्या.

१९०८ च्या नोव्हेंबरांत राजास कांगो बेल्जमच्या स्वाधीन करावा लागला. तो फुकट नव्हे! कांगोवरील कर्ज बेल्जमनें उचललें, शिवाय त्याच्या 'त्यागाबद्दल' पांच कोटी फ्रँक देऊं केले. त्यापूर्वी ऑगस्टमध्यें ब्रुसेल्स येथें कांगोचीं दप्तरें आठ दिवस भट्टींत जळत होतीं. लिओपोल्ड १९०९ मध्यें वारला. मंडळ १९१३ सालीं विसर्जित झालें. सक्तीचें काम मात्र नव्या अंमलांतही संपलें नाहीं. मोरेलच्या दृष्टीलाही मर्यादा होती. कांगोची जमीन तेथील लोकांची, हें त्यानें ठणकावून सांगितलें. राज्यही त्यांनींच करावें, एवढ्यापर्यंत तो गेला नाहीं.

केसमेंट हा आयरिश. मायभूमीच्या बंडासाठीं जर्मनीची मदत मागितल्यामुळें १९१६ सालीं त्याला फांशीची शिक्षा झाली. कांगोच्या चळवळींतील जुना सोबती कॉनन डॉइल यानें त्याच्यासाठीं अर्ज केला. मोरेल मात्र तुरुंगांत त्याच्या भेटीस गेला नाहीं. आपल्या युद्धविरोधी कार्यास बाध येईल, ही त्याला धास्ती होती. ३ ऑगस्ट रोजीं लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगांत केसमेंटला फांशी दिलें. पुढल्याच वर्षीं मोरेलला सहा महिन्यांची शिक्षा होऊन त्याच तुरुंगांत नेण्यांत आलें.