विषाणू-वाहकांचा प्रवास : फुफ्फुसरोगावरील जनुकोपचार ते पुण्यातील लसचाचण्या – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

विज्ञानाच्या इतिहासलेखनात यशस्वी शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे फसलेल्या प्रयत्नांना मिळत नाही. परिणामी एखादे तंत्र समाजापर्यंत पोहोचते तेव्हा ते अचानक निर्माण झाले असा समज होतो. कोविशिल्ड या लसीबाबतही असेच घडले. ही लस विषाणू-वाहकावर आधारलेली आहे. आणि विषाणू-वाहकांच्या मानवी प्रयोगांचा एक महत्त्वाचा आरंभ लसीसाठी नव्हे, तर फुफ्फुसाच्या एका आनुवंशिक रोगावरील उपचारासाठी झाला होता. या प्रवासाचा आणि त्यातील महाराष्ट्राच्या, विशेषतः पुण्याच्या सहभागाचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी :

विषाणू स्वतःचे जनुकीय द्रव्य पेशीत शिरविण्यात निष्णात असतो. त्याची वाढ होण्यास आवश्यक जनुके काढून त्या जागी उपयुक्त जनुक बसविले, तर तोच विषाणू निरोप्याचे काम करतो. अशा विषाणूस 'वाहक' म्हणतात. या संदर्भात दोन विषाणू महत्त्वाचे ठरले. पहिला ॲडिनोव्हायरस, तो १९५३ साली मानवी ॲडिनॉइड ग्रंथीच्या ऊतींतून वेगळा करण्यात आला. दुसरा ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजेच एएव्ही. तो १९६५ साली ॲडिनोव्हायरसच्या नमुन्यांत भेसळ म्हणून आढळला. त्याच्यामुळे माणसाला कोणताही रोग होत असल्याचे ज्ञात नसल्याने तो अधिक सुरक्षित मानला गेला.

फुफ्फुसावरील प्रयोग :

१९८९ साली सिस्टिक फायब्रोसिस या रोगास कारणीभूत असलेले सीएफटीआर हे जनुक सापडले. या रोगात श्वासमार्गातील श्लेष्मा घट्ट व चिकट होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि फुफ्फुसे निकामी होत जातात. दोष एकाच जनुकात असल्याने आणि श्वासावाटे औषध थेट पोहोचविणे शक्य असल्याने हा रोग जनुकोपचारास अनुकूल वाटला. १९९३ साली अमेरिकेत रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने ॲडिनोव्हायरसच्या साहाय्याने हे जनुक रुग्णांच्या श्वासमार्गात सोडले. तथापि प्रतिकारशक्ती जागृत होऊन दाह निर्माण होतो, ही मर्यादा लवकरच लक्षात आली. १७ सप्टेंबर १९९९ रोजी यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरील चाचणीत ॲडिनोव्हायरस-वाहक दिल्यानंतर जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या युवकाचा मृत्यू झाला आणि संपूर्ण क्षेत्राच्या नैतिकतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले.

याच काळात सिएटल येथील टार्गेटेड जेनेटिक्स ही कंपनी एएव्ही-वाहकातून सीएफटीआर जनुक देण्याचे प्रयोग करीत होती. येथे अडचण जागेची होती. एएव्हीत सुमारे ४.७ हजार जनुकीय अक्षरे मावतात आणि सीएफटीआरच्या सांकेतिक भागालाच सुमारे ४.४ हजार लागतात. नियंत्रक घटकांसाठी जागा उरत नाही. १०२ रुग्णांना फवाऱ्याद्वारे दोन मात्रा देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. उपचार सुरक्षित ठरला. मात्र फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा झाली नाही. श्वासमार्गातील पेशी सतत बदलत असल्याने मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. परंतु पहिल्या मात्रेने निर्माण झालेली प्रतिपिंडे पुढील मात्रा निष्प्रभ करू शकतात.

पुण्याचा सहभाग :

हेच एएव्ही-वाहक फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यात आले. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातील पहिली एचआयव्ही प्रतिबंधक लसचाचणी सुरू झाली. टीजीएएसी०९ ही लस टार्गेटेड जेनेटिक्स याच कंपनीची होती. तीत सीएफटीआरऐवजी एचआयव्हीच्या 'सी' उपप्रकारातील काही जनुके बसविलेली होती. पुण्यातील ३० निरोगी स्वयंसेवक या चाचणीत सहभागी झाले. बेल्जियम व जर्मनीसह एकूण ८० जणांवरील या चाचणीचे निष्कर्ष संजय मेहेंडळे व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. लस सुरक्षित आढळली, परंतु प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद अल्प होता. 'एड्सची लस' या शब्दांनीच शेजारीपाजारी संशय निर्माण व्हावा, अशा सामाजिक वातावरणात हे स्वयंसेवक पुढे आले होते. स्वतःस कोणताही लाभ मिळण्याची हमी नसताना त्यांनी हा निर्णय घेतला, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

दोषाचे गुणात रूपांतर :

उपचारात जो दोष, तोच लसीत गुण ठरतो. ॲडिनोव्हायरस प्रतिकारशक्तीला जागे करतो म्हणून तो फुफ्फुसाच्या उपचारास गैरसोयीचा होता. लसीला नेमके तेच हवे असते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस निवडला, कारण त्याविरुद्धची प्रतिपिंडे माणसांत फारशी आढळत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले. ३ जानेवारी २०२१ रोजी मर्यादित वापरास परवानगी मिळाल्याचे जाहीर झाले व १६ जानेवारीस देशव्यापी लसीकरण सुरू झाले. त्या वर्षी औरंगाबाद शहरात (आजचे छत्रपती संभाजीनगर) उस्मानपुऱ्यातील ज्या नागरिकाने कोविशिल्ड घेतली, त्याच्या दंडात तीन दशकांचा हा इतिहास पोहोचला. रक्तात गुठळ्या होण्याचा दुर्मीळ परंतु गंभीर दुष्परिणामही याच लसीबाबत नोंदविला गेला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. विषाणू-वाहकांचा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. फुफ्फुसावरील उपचाराचे अपयश व पुण्यातील चाचणीचा अल्प प्रतिसाद यांतून वाहकांच्या सुरक्षिततेविषयी आणि मर्यादांविषयी ज्ञान वाढले.

२. ज्या रुग्णांसाठी हे प्रयोग प्रथम झाले, ते अद्याप प्रतीक्षेतच आहेत. २०१२ पासून सीएफटीआर प्रथिनाचे कार्य सुधारणाऱ्या गोळ्या उपलब्ध झाल्या. परंतु काही जनुकीय दोषांत त्या उपयोगी पडत नाहीत आणि त्यांची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. हा रोग भारतात नाहीच, असे दीर्घकाळ मानले गेल्याने अनेक बालकांचे निदानही होत नाही.

३. शास्त्रज्ञ, संस्था व उद्योग यांची नावे दप्तरात राहतात. स्वयंसेवकांची नावे गोपनीयतेमुळे राहत नाहीत व राहूही नयेत. मात्र त्यांच्या कृतीची नोंद राहिली पाहिजे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी गढी, बारव व ताम्रपटांबरोबरच प्रयोगशाळा, दवाखाने आणि चाचण्यांत सहभागी झालेल्या सामान्य माणसांकडेही अभ्यासविषय म्हणून पाहणे गरजेचे आहे.