बाईंच्या मागे मागे

साल १८५२. पुण्याच्या गंज पेठेतून एक बाई बुधवार पेठेकडे निघाल्यात आणि तुम्ही चार पावलं मागे राहून चालताय. साधं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, वय एकवीस. या वेळी इतर बायका नदीवर किंवा देवळात निघालेल्या असतात. या शिकवायला निघाल्यात, एवढ्यावरून गल्लीच्या वळणावर कुणीतरी शेणाचा गोळा भिरकावतं.

हा प्रसंग तुम्हाला पाठ आहे. त्यांच्यासोबत असणारे शिपाई बळवंत सखाराम कोल्हे यांनी तो पुढे आठवणींत सांगितला, आणि तेव्हापासून नाटकांत, भाषणांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेण आधी येतं, सावित्रीबाई मागून. सोसणारी बाई आपल्याला आवडते. ठरवणारी जरा अडचणीची वाटते. म्हणून रस्त्यावर रेंगाळू नका, त्यांच्या मागोमाग आत शिरा.

हा चिपळूणकरांचा वाडा. १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा सगळ्यांना माहीत असते. इथली ३ जुलै १८५१ रोजी आठ मुलींवर सुरू झाली. मागच्या भिंतीशी मांडी घालून बसा. पुढे परकरातल्या मुली, कुणी वाचतेय, कुणी हिशेबाशी झगडतेय. बाई एका मुलीची पाटी हातात घेतात, चूक दाखवतात, पुसायला लावतात आणि पुन्हा लिहून होईपर्यंत तिच्यापाशीच उभ्या राहतात. नायगावच्या खंडोजी नेवसे-पाटलांची ही लेक नऊ वर्षांची असताना फुल्यांच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. तेरा वर्षांच्या नवऱ्याने पुढे तिला लिहा-वाचायला शिकवलं; मग रीतसर अध्यापनाचं शिक्षण झालं. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षर कुठे अडतं ते नेमकं कळतं, असं मला वाटतं. त्या मुलीच्या पाटीकडे बघितलंत तर तुम्हालाही पटेल.

तीन वर्षं पुढे या. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून येतो. ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट विचारते. निबंधात कुठे विनवणी नाही. प्रश्न विचारल्याबद्दल जिथे मार बसतो, त्या वर्गातून असा निबंध बाहेर पडत नाही.

ऑक्टोबर १८५६. बाई आजारी आहेत, हवापालटासाठी माहेरी नायगावला आल्यात. बाजेशी बसलेला भाऊ समजूत घालतोय, म्हणजे खरं तर बोल लावतोय: महार-मांगांसाठी कामं करून तुम्ही नवरा-बायको पतित झालात, भटांचं ऐकावं, जातीला धरून राहावं. आईच्या जिवाची घालमेल चाललीय. अशा वेळी माहेरी आलेली, अंगात ताप असलेली बाई गप्प राहील, असं तुम्हाला वाटेल. त्या गप्प राहत नाहीत, भावाला त्याच्या बुद्धीची उणीव तोंडावर दाखवतात. हे सगळं नवऱ्याला पत्रात कळवतात आणि त्याच पत्रात काळजी शाळेची: आपल्यामागे सोबत शिकवणाऱ्या फातिमाला जास्त काम पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

गंज पेठेतल्या घरी परत येऊ. इथे बायकोपणाचा एक छोटा प्रसंग बघण्यासारखा आहे. दारात फाटक्या लुगड्यातली बाई आली की सावित्रीबाई घरातलं धड लुगडं काढून देतात. तात्या, म्हणजे जोतीराव, एरवी उदार माणूस, पण खर्चाचा आकडा बघून त्यांनाही बोलावं लागतं. बाई हसून विचारतात, बरोबर काय घेऊन जायचंय? तात्या गप्प. घरोघर चालतो तसाच हा संवाद, फक्त इथे गप्प बसणारा माणूस महात्मा आहे.

याच घरात १८६३ पासून फसवल्या गेलेल्या विधवा बाळंतपणाला येतात. बहुतेक ब्राह्मण घरांतल्या, रात्रीच्या, तोंड झाकून. १८८४ पर्यंत त्यांची संख्या पस्तिसावर जाते. त्यांतल्याच एका काशीबाईच्या बाळाची नाळ सावित्रीबाईंनी स्वतः कापली, तोच यशवंत. स्वतःला मूल नसलेल्या या बाईंनी त्याला दत्तक घेतलं, वाढवलं, डॉक्टर केलं. त्याच्यासाठी सासन्यांची राधा पसंत पडली, तेव्हा तिला लग्नाआधीच घरी आणून ठेवलं. मुलामुलीने एकमेकांना ओळखावं आणि मुलीने शिकावं, हा बेत. तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून सासू स्वतः चूल सांभाळायची. १८८९ मध्ये जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने लग्न लागलं. आजही कित्येक सासवांना हे जमणार नाही, ते असो.

मधला १८७७ चा दुष्काळ बघायला जुन्नर भागात थांबलात तर बाई तिथेही भेटतील. पकडलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांसाठी त्या थेट कलेक्टरसमोर जाऊन उभ्या राहतात.

नोव्हेंबर १८९०. जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसलेत. दत्तक मुलाला तो मान द्यायला ते तयार नाहीत. वाद वाढत चाललाय, अंगणात माणसं ताटकळलीत. सावित्रीबाई पुढे होतात, टिटवं उचलतात आणि चालू लागतात. बायका जिथे स्मशानातही जात नव्हत्या, तिथे ही विधवा सर्वांच्या पुढे आहे. तिच्यामागून तुम्हीही निघता.

आता शेवटचा मुक्काम, १८९७. पुण्यात प्लेगची साथ आहे. काखेत, जांघेत गाठ, अंगात सणसणून ताप, दोन-चार दिवसांत कारभार आटोपलेला. माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहताहेत. बाईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतलंय आणि हडपसरजवळ सासन्यांच्या माळावर दवाखाना थाटलाय. राधा दोन वर्षांपूर्वीच वारली. बाई सहासष्ट वर्षांच्या.

मुंढव्याच्या महारवाड्यात एक पोरगा प्लेगने पडलाय, अशी खबर येते. गाडी नाही, न्यायला कुणी धजत नाही. तुम्हाला तर सगळं माहीत आहे: रोग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, हाफकिनने जानेवारीतच मुंबईत लस स्वतःला टोचून घेतलीय, या माळापर्यंत ती पोचलेली नाही. बाईंना थांबवावं म्हणून तुम्ही तोंड उघडता. तोवर त्या मुंढव्यात पोचून खाली वाकल्यात आणि पोराला पाठीवर घेताहेत.

पोरगा वाचला. बाईंना ताप भरला, आणि १० मार्चच्या रात्री नऊच्या सुमारास, ज्याची नाळ त्यांनी कापली होती त्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात, त्या गेल्या.