दॅट ड्रॅगन, कॅन्सर

कर्करोगाने गेलेल्या मुलाच्या आजारपणाची हकिगत त्याच्या आईवडिलांनीच मांडलेला व्हिडिओ गेम. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याने तो जॉश लार्सन व इतर सहकाऱ्यांसह घडवला. त्यांचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत कर्करोगाची गाठ आढळली. थोडेच महिने हाती आहेत असे डॉक्टर म्हणाले होते. जोएल आणखी चार वर्षे जगला. २०१२ साली काम सुरू झाले तेव्हा तो हयात होता. मार्च २०१४ मध्ये तो गेला आणि हाती घेतलेली गोष्टच बदलली. १२ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या सातव्या वाढदिवसाच्या तारखेला, गेम प्रसिद्ध झाला.

एरवी गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती काहीतरी असते. नीट खेळले की जिंकता येते. येथे नेमके तेच काढून घेतले आहे, आणि या कृतीचे खरे बळ त्यातच आहे. गेमचे बीज रुग्णालयातल्या एका रात्रीत आहे. शरीरातले पाणी कमी झालेले मूल रडते आहे. खेळणारा बापाच्या जागी असतो. रस पाजला तर तो उलटून पडतो. कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या तरी रडणे थांबत नाही. बापाने हात टेकून प्रार्थना केल्यावर मूल शांत होते. पुस्तकात वा चित्रपटात हा प्रसंग वाचून, पाहून पुढे जाता येते. येथे काहीतरी करून पाहावे लागते आणि ते निष्फळ ठरते.

माणसांच्या चेहऱ्यांवर नाकडोळे जवळजवळ रेखलेलेच नाहीत. हसू मात्र जोएलचे स्वतःचे, घरी ध्वनिमुद्रित केलेले आहे. आजार म्हणजे ड्रॅगन आणि जोएल त्याच्याशी लढणारा चिमुकला सरदार, ही भावंडांना समजेल अशी गोष्टही गेममध्ये येते. नाव तिच्यावरूनच पडले.

गेमसाठी लोकवर्गणी देणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या गेलेल्या माणसांविषयी मजकूर पाठवला. तो रुग्णालयाच्या एका दृश्यात शुभेच्छापत्रांच्या रूपाने मांडला आहे, त्यामुळे एका घराच्या दुःखाशेजारी इतर घरांची दुःखेही वाचायला मिळतात.

२०१७ मध्ये गेमला नावीन्यासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. विक्री मात्र फारशी झाली नाही. पुष्कळांनी तो स्वतः खेळण्याऐवजी दुसऱ्याने खेळतानाच्या चित्रफितीच पाहिल्या, अशी खंत रायनने २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिली.